पुरीरीखालचा खड्डा

लेलेबाई माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात. दारात कोणी उभं राहिलं की त्यांची नजर आधी बुटांवर जाते. बुटाच्या कडेला चिखल दिसला की बाईंचा चेहरा खुलतो, आणि 'या, बसा' म्हणायच्या आधी त्या खाली वाकून तो चिखल नखानं खरवडून घेतात. बोटांत चोळतात, हुंगतात, आणि मी डोळ्यांनी पाहिलं आहे म्हणून लिहितो, त्यातला चिमूटभर जिभेवर ठेवतात. दाताखाली कचकचलं तर वाळू, गुळगुळीत लागलं तर गाळ. पाहुणा तोवर एका पायावर उभा.

आमच्या सूनबाईंनी चैत्रातलं हळदीकुंकू केलं होतं तेव्हाची गोष्ट. इथं न्यूझीलंडात चैत्र ऐन पानगळीत येतो. बाहेर पाऊस, दारात बायकांच्या चपलांचा ढीग. आत पन्हं चाललेलं आणि लेलेबाई बाहेर चपलांपाशी उकिडव्या बसलेल्या. थोड्या वेळानं एक सँडल हातात घेऊन आत आल्या आणि सगळ्यांना विचारलं, "ही कोणाची? अवोन्डेलच्या रविवारच्या बाजाराला गेला होतात ना? फाटकापाशी ट्रकभर भर टाकली आहे त्यांनी, तीच ही माती." सँडल जिची होती तिनं रविवारी डोकं दुखतंय म्हणून सासूला एकटीला देवळात पाठवलं होतं. सासू शेजारीच बसली होती, हातात कैरीची डाळ. त्यानंतर त्या दोघी आमच्याकडे आल्या नाहीत. बाईंना त्याचं काही नाही. त्यांनी ती माती कागदाच्या पुडीत बांधून घरी नेली.

पूर्ण नाव डॉक्टर कुमुद लेले. मूळच्या पुण्याच्या. लग्न केलं नाही, वय साठीला टेकलेलं, ऑकलंडात हिल्सबरोला आमच्या शेजारचंच घर. डॉक्टर म्हणजे मातीच्या डॉक्टर. हे लोकांच्या डोक्यात शिरत नाही. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात एका बाईंनी त्यांना गाठलं, गुडघा फार धरतो हो, म्हणाल्या. लेलेबाईंनी सांगितलं, मी मातीची डॉक्टर आहे. त्या म्हणाल्या, म्हणजे निसर्गोपचार, मातीचा लेप. हां हां म्हणता चार बायका पदर सावरून रांगेत उभ्या. बाईंनी वैतागून सांगितलं की माती गुडघ्याला लावायची नसते, ती जमिनीत राहू द्यायची असते. बायकांना वाटलं, हे पथ्य आहे.

काम काय, ते मला त्यांनी जितक्या वेळा सांगितलं तितक्या वेळा मी नव्यानं ऐकलं. माझ्या भाषेत असं. हवेत जो धूर आहे तो झाड खातं. झाडाची पानं गळतात, मुळं कुजतात, आणि तो खाल्लेला धूर मातीच्या पोटात कोळसा होऊन राहतो. "कोळसा नाही काका, कार्बन," बाई म्हणायच्या. मी कोळसाच म्हणायचो. मेंढ्या चारून चारून उघडी पडलेली टेकडी झाडं लावून पुन्हा रान केली, तर तिच्या पोटात हा कोळसा वाढतो का, आणि किती, ते बाई मोजत होत्या. बरीच वर्षं. तीच टेकडी, त्याच खुणेच्या खुंट्या. मी सांगतोय ते दोन हजार पाच-सहाच्या सुमाराचं. तेव्हा या हवेच्या गोष्टीची बोलाबोली फार होती, टीव्हीवर रोज काहीतरी. बाई टीव्हीवर नाराज. सगळे वर बघतात, म्हणायच्या, खाली कोणी बघत नाही.

खाली काय आहे, हा त्यांचा जन्माचा प्रश्न. माझ्या मुलानं बैठकीच्या खोलीत नवा गालिचा घातला आणि बाईंना कौतुकानं दाखवला. छान आहे, म्हणाल्या, खाली काय आहे? लाकूड, तो म्हणाला. त्याच्या खाली? एकीनं नातवाचे बागेतले फोटो दाखवले, तर बाईंनी नातवाबद्दल अक्षर काढलं नाही. बाग खडकावर आहे का, एवढंच विचारलं.

आणि स्वस्थ बसणं त्यांना माहीत नाही. चहाचा कप घेऊन त्या घरभर, मग अंगणभर, मग कुंपणाच्या कडेनं चालतात. अर्धा चहा झाला की काहीतरी आठवतं आणि कप जिथं असेल तिथं राहतो. पत्रपेटीवर, गाडीच्या टपावर, आमच्या पायरीवर. सूनबाई ते कप गोळा करून, धुऊन परत करते. एकदा तिनं केक गरम करायला म्हणून बाईंचा ओव्हन उघडला, तर आत ट्रेमध्ये माती वाळत ठेवलेली. ऑफिसातली भट्टी भरली होती म्हणे. सूनबाईनं केक तसाच परत आणला. आम्ही तो गारच खाल्ला.

आता मी कोण, ते सांगतो. मी जाधव, टेलिफोन खात्यातला. खांब पुरायच्या गँगमध्ये लागलो आणि गँगचा मुकादम होऊन निवृत्त झालो. शिक्षण चौथी, तेही मास्तरांच्या मेहेरबानीनं. पण सातारा ते कऱ्हाड रस्त्यानं माझ्या हातचा एक खांब कोणी वाकलेला दाखवावा. बायको गेल्यावर मुलानं इकडे आणलं. मुलगा कॉम्प्युटरमध्ये, सून औषधांच्या दुकानात, घर दिवसभर रिकामं. बाबा तुम्ही आराम करा, कशाला हात लावू नका, असं मला सांगून ठेवलेलं. मी कोणाचं ऐकणारा माणूस नव्हे. महिन्याच्या आत मी कढीपत्त्याचं रोप लावायला म्हणून मागच्या अंगणात खड्डा घेतला. हात शिवशिवत होते, त्यामुळे रोपाला लागतो त्यापेक्षा खोल गेला. कमरेएवढा.

कुंपणावरून आवाज आला, "थांबा. बुजवू नका."

बाई वळसा घालून आल्या. पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता. सरळ खड्ड्यात उतरल्या आणि भिंतीवरून हात फिरवू लागल्या. लॉन खराब केलं म्हणून बोलणार असं मला वाटलं, मी उत्तर तयार ठेवलं होतं. बाई खालून वर बघत म्हणाल्या, "भिंत काय सरळ घेतलीत हो काका. आमच्या पोरांना मशीन देऊनसुद्धा येत नाही."

या देशात उतरल्यापासून मला कोणी काही चांगलं म्हटलं असेल तर ते पहिलं. पुढच्या शनिवारी मी बाईंच्या गाडीत होतो. मुलगा म्हणाला, बाबा, या वयात? मी म्हटलं, या वयात काय करू मग, टीव्ही बघू?

बाईंच्या गाडीत बसणं हे वेगळंच प्रकरण. मागे फावडी, चाळण्या, ताडपत्री, पुढे बाई. रस्त्यासाठी कुठं डोंगर ताजा कापलेला दिसला की बाईंचा पाय ब्रेकवर. एकदा मोठ्या हमरस्त्याच्या कडेला गाडी लावून त्या कापलेल्या दरडीवर चढल्या आणि मागून पोलीस आला. त्यानं लायसन्स मागितलं. बाईंनी त्याच्या बुटांकडे बघून विचारलं, पोरिरुआकडून आलात का? पोरिरुआ म्हणजे पार दक्षिणेला, दिवसभराच्या वाटेवर. तो म्हणाला नाही, मी ऑकलंडचाच. बाईंना पटलं नाही. बूट उसने घेतलेत का, विचारलं. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, मी आकाशाकडे पाहिलं. शेवटी तो लायसन्स न बघताच गेला.

टेकडी ऑकलंडच्या उत्तरेला, तास-दीड तासावर. बॅरी नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची. मेंढ्यांनी ती पार बोडकी करून टाकली होती, मग त्यानं मेंढ्या हटवून इथलीच झाडं लावली. मानुका, टोटारा, पुरीरी. मी गेलो तोवर चांगलं रान माजलं होतं, आत पाखरं बोलत होती. बॅरी 'किया ओरा' म्हणून हात हलवायचा, मी 'राम राम' म्हणायचो. आमचं दोघांचं तेवढ्यावर बरं चाललं होतं.

रानात बाईंनी दोऱ्या बांधून मोठा चौकोन आखलेला. त्यात पाय ठेवायचा नाही. फळ्या टाकलेल्या, त्यांच्यावरूनच चालायचं. पाय पडला की माती दबते, दबली की मोजणी चुकते. कोणाची टाच फळीवरून घसरली की रानाच्या कुठल्याही टोकाहून बाई ओरडायच्या, "पाय!" विद्यार्थ्यांवर, साहेबांवर, ज्याची जमीन त्या बॅरीवरसुद्धा. बॅरीचा कुत्रा चौकोन आला की आपणहून वळसा घालायचा. पहिल्या दिवशी माझ्यावरही ओरडल्या. मी मुकादम माणूस, मला ऐकायची सवय नाही. मी तिथंच फळीवर बसलो आणि उठणार नाही म्हणालो. बाईंना ते कळलंसुद्धा नाही, त्या पुढच्या खुंटीला पोचल्या होत्या. थोड्या वेळानं मीच उठलो.

खुंटीशेजारी गिरमिट फिरवायचं, निघालेली माती पिशवीत भरायची, भोक बुजवायचं. हे बुजवायचं मला पटत नव्हतं. एकदा बोललोच. म्हटलं, "बाई, मीही जन्मभर खड्डे खणले, पण माझ्या खड्ड्यात काहीतरी उभं राहिलं. तुमच्या खड्ड्यात काय राहतं? परत माती."

बाई गिरमिट पुसत म्हणाल्या, "तुमचे खांब आहेत का अजून, काका? सगळ्यांनी मोबाईल घेतले की."

परतीच्या वाटेवर मी एक शब्द बोललो नाही. त्यांनी सँडविच पुढे केलं, ते मात्र घेतलं.

चौकोनाच्या कोपऱ्यात, फाटकाजवळ, एक पुरीरीचं झाड होतं. गुलाबी फुलांचं. त्याच्याखालच्या खुंटीची माती बाकी सगळ्यांपेक्षा काळी. दर खेपेला तिथला कोळसा सर्वांत जास्त, आणि आधीच्या खेपेपेक्षा वाढलेला. बाकीच्या खुंट्यांचं रडगाणंच. इकडे जरा चढला, तिकडे उतरला, बेरीज जिथल्या तिथं. माती सावकाश चालते, बाई म्हणायच्या, माणसांना दम नसतो. पण दम त्यांनाही नव्हता, कारण ऑफिसात नवे साहेब आले होते, बाईंच्या निम्म्या वयाचे. साहेबांचं म्हणणं, या टेकडीवर काही वाढताना दिसत नाही, मोजणं बंद करू. बाई म्हणायच्या, पुरीरीखाली बघा. साहेब म्हणायचे, ती एक जागा विचित्र आहे, ती वगळा. बाई म्हणायच्या, का वगळू, माती खोटं बोलत नाही. हे शेवटचं वाक्य मी त्यांच्या तोंडून फोनवर इतक्यांदा ऐकलं की मला ते इंग्रजीत पाठ झालं.

शेवटी साहेबांनी निकाल दिला. त्या हिवाळ्यात अखेरची माती काढायची. तिच्यात वाढ दिसली तर टेकडी चालू, नाही तर दोऱ्या सोडायच्या आणि खुंट्या उपटायच्या. बाई त्याच वर्षी निवृत्त होणार होत्या. दुसरी टेकडी त्यांना कोणी देणार नव्हतं. त्या दिवसांत बाईंचे कप आमच्या छपरावर सापडायचे तेवढे बाकी राहिले होते.

बाईंनी ठरवलं, पुरीरीखाली यंदा नुसतं गिरमिट नाही, खड्डाच घ्यायचा. मोठा, सरळ भिंतीचा. म्हणजे काळी माती मुळांबरोबर कशी पसरत गेली आहे ते भिंतीवर उघड दिसेल, फोटो निघेल, साहेबांना बोलायला जागा राहणार नाही. "काका, हे तुमच्याशिवाय जमायचं नाही," म्हणाल्या. मी म्हटलं, बघू. पहारीला धार मी आदल्या दिवशीच लावून ठेवली होती.

इथं बाईंच्या आईबद्दल सांगायला हवं. गाडीच्या डिकीत एक घडीची खुर्ची कायम असायची. तिच्यावर सामान ठेवू द्यायच्या नाहीत. आईची आहे, एवढंच म्हणायच्या. आई म्हणजे माई. नवरा गेल्यावर मुलीकडे आल्या, बरीच वर्षं इथंच काढली, आणि मी यायच्या आदल्या वर्षी गेल्या. मी त्यांना पाहिलेलं नाही. बाई त्यांच्याविषयी बोलायच्या ते तक्रारीच्या सुरात. आईला कळायचंच नाही मी काय करते. आई म्हणायची, त्या मातीत काय मिळतं तुला, त्यापेक्षा चार माणसं जोड. शनिवारी घरी एकटी नको म्हणून बाई त्यांना टेकडीवर आणायच्या, पुरीरीखाली फळीवर खुर्ची टाकायच्या, इथं बस, हलू नकोस, असं बजावायच्या आणि रानात शिरायच्या त्या उन्हं कलल्यावर बाहेर यायच्या. आता मी थकलो की मला बसायला तीच खुर्ची, त्याच जागी.

त्या शनिवारी थंडी होती, पण पाऊस नव्हता. माईंच्या जागेवरची खुर्ची उचलून मी बाजूला ठेवली, खुंटीजवळचा पाला काढला आणि एक एक थर ताडपत्रीवर ओळीनं मांडत खाली गेलो, बाईंच्या पद्धतीनं. भिंती ओळंब्यात. गुडघाभर गेल्यावर बाई खड्ड्यात उतरल्या आणि बघत राहिल्या. मलाही दिसलं. माती काळी होती, झकास काळी, पण हातभर रुंदीतच. एखादं पातेलं जमिनीत पुरून ठेवावं तशी. तिच्या दोन्ही अंगांना बाकीच्या टेकडीसारखीच पिवळट माती. मुळं सगळीकडे सारखी गेलेली, काळेपणा मात्र एकाच जागी.

"हे कोणीतरी उकरलेलं आहे," बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, उंदीर असतील.

"उंदीर इतकं नेमकं उकरत नाही."

आतापर्यंत इथली माती पिशवीतून ऑफिसात जायची. तिथं पोरं ती चाळायची आणि चाळणीत राहिलेल्या काड्या, मुळं, बिया फेकून द्यायची, तशीच रीत आहे. त्या दिवशी बाईंना ऑफिसापर्यंत थांबवेना. तिथंच उभ्यानं चाळण हलवायला लागल्या. काळी माती खाली झरत गेली आणि वर जे राहिलं ते त्यांनी तळहातावर घेतलं. नारळाच्या शेंडीचा कुजका गुंता. बांबूच्या बारीक काड्या, सगळ्या सारख्या. लाल-पिवळ्या नाड्याचा तुकडा. आणि एक सुपारी.

ऑफिसातल्या पोरांना ती कुठल्याशा झाडाची बी वाटली असती. उदबत्तीच्या काड्या आणि पूजेची सुपारी ओळखायला आम्हा दोघांना कोणाला विचारावं लागलं नाही.

बाई खड्ड्याच्या काठावर बसल्या. चौकोनाच्या आत, फळी सोडून, पाय त्या काळ्या मातीत सोडून. लेलेबाई ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हे किती झालं ते कळेल.

मग म्हणाल्या, "मला विचारलं होतं तिनं. आल्या आल्या. निर्माल्य कुठं टाकायचं ग. मी म्हटलं, कचऱ्यात टाक, इथं सगळं नीट नेतात. मग एकदा इथल्या ओढ्यात सोडू का म्हणाली. ते पाणी आमची दुसरी माणसं तपासतात, म्हणून त्यालाही नाही म्हटलं. पुढं तिनं विषयच काढला नाही. मला वाटलं, पटलं."

"आठवड्याचं साठवून आणत असतील," मी म्हटलं.

"माझं खुरपं दर शनिवारी तिच्या खुर्चीखाली सापडायचं. मी बोलायचे तिला. माझ्या हत्यारांना हात लावू नकोस म्हणून."

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी बोललो. म्हटलं, निर्माल्याचं काय, पायाखाली येऊ नये एवढंच असतं. नदीच हवी असं नाही.

बाईंनी सुपारी मुठीत धरली. "कोणाचाही पाय पडणार नाही अशी या अख्ख्या देशात तिला एकच जागा माहीत होती," त्या म्हणाल्या. "मी ओरडायचे ना, काका. सगळ्यांवर. तिच्यावरसुद्धा."

मी माणूस सरळ आहे, पण खात्यात जन्म काढला की कुठं गप्प बसावं तेही कळतं. मी म्हटलं, "बाई, खड्डा बुजवून टाकू. गिरमिटानं काढलेली माती पिशवीत आहे, ती जाऊ द्या ऑफिसात. आकडा चांगलाच येणार. टेकडी राहील. इथं कोण बघायला आलंय?" खरं सांगायचं तर मला माझे शनिवार हवे होते.

बाईंनी या खेपेला माझ्या तोंडाकडे पाहिलं. "माती खोटं बोललीच नाही, काका," त्या म्हणाल्या. "कोणीतरी मला खायला घालतंय, एवढंच ती सांगत होती. आईनं केलेलं मी इतकी वर्षं झाडांच्या नावावर मांडत होते."

सोमवारी त्यांनी साहेबांना सांगितलं, ती जागा वगळा. साहेबांनी कारण विचारलं. तिथं माणसाचा हात लागला आहे, बाई म्हणाल्या. त्यापुढं काही सांगितलं नाही. ती जागा वगळल्यावर बेरीज जिथल्या तिथं आली आणि टेकडी बंद झाली.

मी बाईंवर चिडलो होतो. बोलायचं नाही असं ठरवलं. माझ्या न बोलण्याचा त्यांना पत्ता लागेल तर शपथ, कारण बाई बाहेरच येईनात. पत्रपेटीवर कप नाही, पायरीवर कप नाही. कुंपणापलीकडे सगळं इतकं निपचित की मलाच घरात बसवेना. खिडकीपाशी जाऊन उभा राहायचो, परत येऊन बसायचो, परत उठायचो. शेवटी एक दिवस मीच चहा करून घेऊन गेलो. बाईंनी तो एका जागी बसून पूर्ण संपवला. मला ते अजिबात आवडलं नाही.

वसंत लागला तेव्हा आम्ही खुंट्या काढायला गेलो. दोऱ्या गुंडाळल्या, फळ्या गाडीत चढवल्या. आता कोणी कुठंही चाललं तरी चालणार होतं, पण मी फळ्या होत्या तोवर त्यांच्यावरूनच चाललो. बॅरी भेटायला आला. त्याला हे रान लोकांसाठी खुलं करायचं होतं. शाळेची पोरं येतील, म्हातारीकोतारी येतील. पायवाट कुठून न्यायची ते दाखवायला त्यानं झाडांना केशरी फिती बांधल्या होत्या. फाटकातून आत आणि सरळ पुरीरीखालून. तिथं जमीन सपाट, सावली बरी. बाक टाकायचा म्हणाला तिथं. कोणीही तिथंच टाकला असता.

बाई त्या फितीकडे बघत उभ्या राहिल्या. मग बॅरीला म्हणाल्या, वाट इथून नको. का, त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, पुरीरीची मुळं फार नाजूक असतात. वर माणसांची वर्दळ झाली तर झाड जगायचं नाही. हे सगळं इंग्रजीत, पण एवढे शनिवार काढल्यावर मला तेवढं कळत होतं. आणि बोलताना बाईंचे कान लाल झाले होते.

आता पुरीरी काय चीज आहे ते सांगतो. बॅरीच्या कुंपणाला त्याच्या आज्यानं पुरलेले पुरीरीचे खांब आहेत, ते अजून सरळ उभे आहेत. मी हात लावून पाहिले आहेत, आणि खांबाच्या बाबतीत मी उगाच कोणाला चांगलं म्हणत नाही. खालच्या कुरणात म्हाताऱ्या पुरीरी आहेत, त्यांच्याखाली गुरं पिढ्यान् पिढ्या बसत, खूर आपटत आली. झाडं ढिम्म. बॅरी त्याच सावलीत लहानाचा मोठा झालेला. त्यानं झाडाकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. इतक्या वर्षांत या बाईच्या तोंडून त्यानं मोजल्या-मापल्याशिवाय एक शब्द ऐकला नसेल.

मग तो माझ्याकडे वळला आणि विचारलं, खरं का हे?

जन्मात कोणा गोऱ्यानं माझं मत विचारलं नव्हतं. मी पहार रोवून, गँगपुढं उभा राहायचो तसा उभा राहिलो.

"येस," मी म्हटलं. "व्हेरी नाजूक."

बॅरीनं हनुवटी खाजवली. "स्वीट ॲज," म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत, बरं तर. आणि स्वतःच्या हातानं फीत सोडून पलीकडच्या टोटाराला बांधायला गेला.

परतीच्या वाटेवर बाई नुसती गाडी चालवत होत्या. एक कापलेली दरड गेली, दुसरी गेली, गाडी कुठं थांबली नाही. मोठ्या रस्त्याला लागल्यावर समोर बघतच म्हणाल्या, "काका, मी बॅरीला काय सांगितलं ते कळलं का हो तुम्हाला?"

"नाही बुवा," मी म्हटलं. "मला इंग्रजी कुठं येतं."